काळ्या खिडकीतले ठिपके

१

"आत्या, डोळे चोरीला गेले," भाचा फोनवर म्हणाला.

दुसरी कोणी असती तर दचकली असती. आत्याने कुंडीतल्या मातीने भरलेले हात धुतले, चपला पायात सरकवल्या आणि निघाली. चौकशी म्हटली की तिच्या अंगात वारं शिरायचं. तिने जन्मभर विमा कंपनीत दावे तपासले होते. कोणाचं दुकान खरंच जळलं आणि कोणी स्वतःच काडी लावली, हे ती माणसाच्या बसण्यावरून ओळखायची, असं तिच्या ऑफिसात म्हणत. निवृत्त झाल्यापासून तपासायला काही उरलं नव्हतं, म्हणून ती औषधांच्या खोक्यांतले बारीक अक्षरातले कागद वाचत बसायची.

तिच्या भावाचा कृत्रिम डोळे बनवायचा कारखाना होता. कारखाना आपलं म्हणायला, होत्या तीनच खोल्या. पुढच्या खोलीत सूनबाई, म्हणजे भाच्याची बायको, कॉम्प्युटरवर बसायची, येणाऱ्यांची नोंद घ्यायची, फोटो काढायची. मधल्या खोलीत, लाकडी पार्टिशनच्या आड, भाऊ भिंगाखाली बुबुळं रंगवायचा. मागच्या खोलीत पॉलिशचं मशीन घरघरायचं आणि ते चालवायचा लख्खू. त्याचं खरं नाव काय हे बहुधा तोही विसरला होता. घासून लख्ख करतो म्हणून लख्खू. भाचा दवाखान्यांत जाऊन लोकांच्या खोबणीची मापं आणायचा आणि साचे करायचा.

चोरीला गेली होती ती नमुन्यांची पेटी. भावाने ऐन उमेदीत रंगवलेली बुबुळं तीत ओळीने मांडलेली होती. मधासारखी, राखाडी, हिरवट, आणि निळ्याच्या तर इतक्या छटा की बघणारा चक्रावून जावा. कारखान्याचा नियमच होता, की नवा डोळा तयार झाला की लख्खूने तो खिडकीशी न्यायचा, पेटीतल्या जुळत्या नमुन्याशेजारी ठेवायचा आणि मगच शेवटचं पॉलिश करायचं. पेटी नाही म्हणजे काम नाही.

आत्या पोचली तेव्हा भाच्याने सगळा कारखाना उलटापालटा केला होता. खण उपसले होते, साच्यांची पोती ओतली होती. लख्खू हात लावेल तिथे पॉलिशच्या पांढऱ्या लुकणाचे ठसे उमटत होते, दाराची कडी म्हणू नका, चहाचा कप म्हणू नका. भाऊ तेवढा आपल्या बाकड्यावर बसून होता. आत्या आली तरी उठला नाही. "शोधू दे त्यांना. मी उठून काय उजेड पाडणार?" म्हणाला.

आणि सूनबाई कोपऱ्यात उभी होती. तिच्या हातात चाव्यांचा जुडगा होता.

"चाव्या टेबलावर ठेव म्हणून सांगितलंय मी तिला," भाचा म्हणाला. "चोर कोण ते मला कळलंय."

२

नवरा आपल्या बायकोला चोर म्हणतो, तेही सगळ्यांसमोर, तेव्हा ते आत्यासारख्या बाईलाही ऐकवत नाही. तिने भाच्याला आधी पाणी प्यायला लावलं आणि मग बोलतं केलं.

भाच्याची कथा अशी होती. मध्यंतरी एका मोठ्या कंपनीचा माणूस येऊन गेला होता. ती कंपनी बुबुळं हाताने रंगवत नाही, मशीनवर छापते. त्याला नमुन्यांची पेटी स्कॅन करायला हवी होती. भावाने त्याला दारातूनच वाटेला लावलं. सूनबाई तेवढी म्हणाली होती, की निदान ऐकून तरी घ्या. झालं, तिथेच भाच्याच्या मनात पाल चुकचुकली. त्यात कॉम्प्युटरवर ती सारखी ती काळी खिडकी उघडते, तीच ती प्रायव्हेट विंडो, जिच्यात काय बघितलं त्याचा मागमूस उरत नाही. आज पेटी गेल्यावर त्याने कॉम्प्युटर तपासला. सकाळची नोंद होती, संध्याकाळची होती. दुपार मात्र रोजची कोरी. आणि डाउनलोडच्या फोल्डरमध्ये सापडलं एक चित्र. रंगीत ठिपक्यांनी भरलेला गोल, अगदी बुबुळासारखा.

"छापील बुबुळाचा नमुना आहे तो, त्या कंपनीचा," तो म्हणाला. "ज्याला काही लपवायचं नाही तो लपून कशाला बघेल?"

आत्या म्हणाली, की बाबा रे, तू न्हाणीघराचं दार लावून घेतोस ते काय आत चोरी करायला? भाच्याला ते पटलं नाही. सूनबाईने चाव्या टेबलावर ठेवल्या होत्या आणि संध्याकाळी मुलाला घेऊन माहेरी जायचं ठरवलं होतं. ती रडत नव्हती, भांडत नव्हती. आत्याला तेच जास्त खुपलं. भांडणारी बाई परत येते. गप्प जाणारीचा काही नेम नाही.

म्हणजे हातात संध्याकाळपर्यंतचा वेळ होता. आत्याने सूनबाईला पुढच्या खोलीत नेलं, दार लोटलं आणि सरळच विचारलं, की ती खिडकी तू कशाला उघडतेस?

सूनबाईने सांगितलं ते ऐकून आत्याला आपल्या भाच्याच्या अकलेची कीव आली. डोळा गमावलेला माणूस इथे येतो तेव्हा बुबुळाचा रंग जुळवायला त्याचा जुना फोटो लागतो. बहुतेकांचे फोटो त्यांच्या मेलमध्ये असतात. मग ते याच कॉम्प्युटरवर आपला मेल उघडतात. साध्या खिडकीत उघडला आणि बाहेर पडायचं विसरले, की पुढच्या माणसाला त्यांची सगळी पत्रं दिसणार. एकदा तसं घडलंही होतं, एका बाईंच्या घटस्फोटाची कागदपत्रं भलत्याच माणसाने वाचली होती. तेव्हापासून ती प्रत्येकाला प्रायव्हेट खिडकी उघडून देते आणि सांगते, "निर्धास्त बघा, या खिडकीत तुमचं काही उरत नाही." काम झालं की खिडकी बंद करते.

"आणि रोज दुपारी?" आत्याने विचारलं.

सूनबाईने नजर खाली वळवली. "दुपारचं मला काही विचारू नका, आत्या."

३

आता आली का पंचाईत. खोटं बोलणाऱ्याला आत्या लीलया पकडायची, पण ही बाई खोटं बोलत नव्हती. ती फक्त सांगत नव्हती. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आत्याला दावे तपासताना कळलं होतं. माणूस खोटं बोलतो ते स्वतःसाठी. न सांगणं पुष्कळदा दुसऱ्यासाठी असतं.

ती कॉम्प्युटरसमोर बसली आणि तिने डोळे मिटूनच घेतले. पडद्याचा उजेड असा भसकन अंगावर आला, की टॉर्च मारावा. डोळे किलकिले करून तिने स्वतः प्रायव्हेट खिडकी उघडली. काळी खिडकी उघडली, तिच्यात मजकूर आला. तो मजकूर जगात कोणी वाचत नाही. आत्याने वाचला. सवयच होती ती.

बारीक अक्षरात सगळं प्रामाणिकपणे लिहिलेलं होतं. ही खिडकी बंद केल्यावर कुठली पानं बघितली ते कॉम्प्युटर लक्षात ठेवणार नाही, फॉर्मात काय भरलं ते विसरेल. पण तुम्ही ज्या साइटवर गेलात तिला कळू शकतं, इंटरनेट पुरवणाऱ्याला कळू शकतं. आणि तुम्ही काही डाउनलोड केलं असेल, तर ते आपल्या जागी तसंच राहील.

आत्याने करूनही बघितलं. त्याच खिडकीत एका फुलाचं चित्र उतरवून घेतलं आणि खिडकी बंद केली. खिडकी गेली, नोंद कोरी. फूल मात्र फोल्डरमध्ये ठिपक्यांच्या चित्राशेजारी मजेत बसलेलं.

आत्या खूश झाली. म्हणजे चित्र ज्याने आणलं त्याला हे ठाऊक नव्हतं. त्याची समजूत होती, की या खिडकीत काही म्हणजे काही उरत नाही. सूनबाई ही खिडकी उठता-बसता वापरते. लोकांचे फोटो ती याच फोल्डरमधून उचलते आणि काम झालं की पुसून टाकते. तिने चोरून काही आणलं असतं, तर ती ते तिथे ठेवून गेली नसती. उलट, ज्याने सूनबाईचं ते एकच वाक्य कानावर पडेल तसं खरं मानलं, त्याचंच हे काम.

ती मागच्या खोलीत गेली. लख्खूला तिने मशीन बंद करायला लावलं. काळी खिडकी कधी बघितली होतीस का, तर हो म्हणाला. मागे एकदा दुपारी पाणी प्यायला पुढे आला तेव्हा उघडीच होती. खुर्चीत कोणी नव्हतं. वहिनींची राहिली असेल, असं त्याला वाटलं आणि तेच त्याने दादांना, म्हणजे भाच्याला, सांगितलं.

"वहिनी कुठे होत्या तेव्हा?"

लख्खू डोकं खाजवायला लागला. केसांत पांढरं लुकण लागलं. "मुलाला आणायला शाळेत गेल्या होत्या. यायच्या होत्या अजून." मग त्याचं त्यालाच उमगलं आणि त्याचा चेहरा पडला. "आई गं. मग मी उगाच त्या माउलीवर..."

भाचा दुपारी दवाखान्यात असतो. मग कारखान्यात उरतात दोघं. लख्खूने कीबोर्डला हात लावला असता, तर तो चुन्याने सारवल्यासारखा झाला असता. कीबोर्ड स्वच्छ होता.

आत्याचं मन पुढचं नाव घ्यायला तयार होईना.

४

ती तिथेच स्टुलावर बसून राहिली. लख्खू भडाभडा बोलायला लागला होता, त्याला पापक्षालन करायचं होतं. तो म्हणाला, वहिनी सोन्यासारखी बाई. आधी रोज शाळेतून मुलाला घेऊन आल्या आल्या कुरकुरायच्या, की हा पडदा कोण एवढा भडक करून ठेवतं, आणि उजेड कमी करायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. हल्ली कुरकुर बंद झाली, कमी करणंही बंद. तशाच बसतात आणि डोकं दुखतं म्हणून गोळी घेतात.

आणखीही एक गोष्ट त्याने सांगितली, अगदी आवाज खाली आणून. मागे एक म्हातारे गृहस्थ डोळा परत घेऊन आले होते. इथे बरा वाटला, पण घरी अंगणात बायको म्हणाली, हा एक डोळा निळा कसा? मालक रंगवाल्या दुकानदारावर खेकसले, भेसळ करतो म्हणाले. नंतर परवाच एक नवा डोळा लख्खूने नमुन्याशेजारी ठेवला आणि म्हणाला, मालक, जरा निळसर आलाय. मालकांनी कधी नव्हे तो आवाज चढवला. आणि आज पेटीच गेली.

आत्याला सगळं दिसलं. लहानपणी हाच भाऊ तिच्या ओढणीचे धागे उसवून डोळ्यांतल्या शिरा करायचा, मातीच्या गोळ्यांवर. आईचा मार तिने खाल्ला होता, त्याचं नाव न सांगता.

तिने ठिपक्यांचं चित्र मोठं करून कागदावर छापून घेतलं. आधी लख्खूला दाखवलं, एकट्याला. मग भाच्याला. भाच्याने फोल्डरमध्ये ते नखाएवढंच बघितलं होतं. आता तो चक्रावला, आणि त्याने जे उत्तर दिलं ते लख्खूच्या उत्तराशी तंतोतंत जुळलं. सूनबाईसमोर तिने कागद धरला, तेव्हा सूनबाईने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "कळलं का तुम्हाला," एवढंच पुटपुटली.

मग आत्या पार्टिशनच्या आड गेली. भाऊ अजून बाकड्यावरच होता. दिवसभर उठला नव्हता, जेवायलाही नाही. टेबलावरच्या दिव्यात नवा, दुप्पट प्रखर बल्ब होता.

तिने कागद त्याच्या पुढ्यात ठेवला. "यात काय दिसतं रे तुला?"

भावाने भिंग काढलं, कागद जवळ घेतला, लांब धरला, दिव्याखाली कलता केला. बराच वेळ बघत राहिला.

"ठिपके," तो म्हणाला. "छान रंगवलेत."

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ठिपक्यांमध्ये निळ्या रंगात भला थोरला सात लिहिलेला होता. तो लख्खूने वाचला होता, भाच्याने वाचला होता. सहा वर्षांच्या पोराला वाचता आला असता.

५

"यात सात आहे," आत्या म्हणाली.

भावाने कागद हळूच उलटा ठेवला.

"ऊठ बाकड्यावरून," ती म्हणाली.

"ताई..."

"ऊठ. झाकण उघडायचंय."

बाकड्याच्या पोटात चिंध्या ठेवायची जागा होती. भाऊ उठला. चिंध्यांखाली नमुन्यांची पेटी होती. सगळ्यांनी सगळा कारखाना उपसला, फक्त म्हाताऱ्याला ऊठ म्हणायचं कोणाच्या मनात आलं नाही.

मग तो बोलला, अडखळत, ताईकडे न बघता. निळ्या-निळ्यातला फरक कळेनासा झाला होता, हातून निळा जास्तच पडायचा. आधी वाटलं रंग वाईट, मग दिवा वाईट. मग पार्टिशनपलीकडून सूनबाईचं रोजचं वाक्य ऐकता ऐकता त्याने ठरवलं, की त्या खिडकीत आपण शोधून बघावं. कोणाला कळणार नाही. दुपारी सगळे गेले की तो तिथे बसायचा, पडदा दिसावा म्हणून उजेड वाढवायचा आणि डोळ्यांच्या चाचण्या शोधायचा. लख्खू आला त्या दिवशी दारावर कोणी आलं म्हणून तो उठून बाहेर गेला होता, एवढंच. एका चाचणीत सगळं गोलमाल दिसलं, त्यात कुठेतरी बोट पडलं आणि चित्र उतरलं. त्याला पत्ताही नव्हता.

"डोळे बनवणाऱ्याचेच डोळे गेले, हे लोकांनी ऐकायचं? त्यापेक्षा पेटी गेली हे बरं वाटलं."

आत्याने त्याला ते सगळं माफ केलं असतं. डोळ्यांची भीती कोणाला नसते? पण एक गोष्ट तिला गिळवेना.

"पोरगा तिला चोर म्हणाला, तेव्हा तू इथेच बसला होतास. पेटीवर."

भावाने मान खाली घातली. तिने फक्त सांगितलं, की मी बाहेर जाऊन एक शब्द बोलणार नाही. बोलायचं ते तू बोल, नाही तर संध्याकाळी तिला जाताना बघ.

मग त्याने पेटी उचलली, छातीशी धरली आणि पुढच्या खोलीत गेला. सूनबाई मुलाचे बूट पिशवीत भरत होती. भाऊ सगळ्यांसमोर बोलला. लांबण लावली नाही, सबब सांगितली नाही. पेटी मी लपवली, मला निळा दिसत नाही, आणि हिला चोर म्हटलं तेव्हा मी भित्र्यासारखा गप्प बसलो, एवढंच. शेवटी त्याने टेबलावरचा चाव्यांचा जुडगा चाचपून उचलला आणि तिच्या हातात दिला.

भाच्याचं आणि त्याच्या बायकोचं काय बोलणं झालं ते आत्याने ऐकलं नाही. ती लख्खूला घेऊन मागे गेली आणि दार लावून घेतलं. काही दारं लावायचीच असतात.

६

आत्याला एक गोष्ट अजून विचारायची होती. विचारल्याशिवाय तिला झोप लागली नसती. सगळे शांत झाल्यावर तिने सूनबाईला गाठलं.

"तुला आधीपासून माहीत होतं."

सूनबाईने लगेच नाही म्हणायचा प्रयत्न केला. पण आत्या म्हणाली, की पडदा भडक असला की तू रोज उजेड कमी करायचीस. मग एकाएकी बंद केलंस. डोकं दुखेपर्यंत त्या उजेडात बसलीस. माणूस असा त्रास उगाच नाही सोसत. उजेड कोणासाठी वाढतोय हे कळलं, म्हणून तू बटणाला हात लावला नाहीस.

सूनबाई हसली, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. एकदा शाळेतून लवकर परतली, तर दारातूनच बाबा दिसले होते, पडद्याला नाक लावून बसलेले. ती उलट पावली फिरली आणि कोपऱ्यावर उभी राहिली, ते उठेपर्यंत. पुढे कधी खिडकी उघडी राहिली, तर न वाचता बंद करायची. त्यांना दर वेळी उजेड शोधावा लागू नये म्हणून तो तसाच ठेवायची. फोल्डरमधलं ते चित्रही दिसलं होतं तिला. पुसलं असतं, तर कोणीतरी बघितलं हे त्यांना कळलं असतं.

"अगं पण तुझ्यावर आळ आला. घर सोडून निघाली होतीस. तेव्हा तरी बोलायचं."

"त्यांनी ती खिडकी माझ्या शब्दावर उघडली, आत्या. परक्या माणसांना रोज सांगते, तुमचं इथे काही उरणार नाही. मग बाबांचंच कसं उरू देऊ? आणि हे बोलले ते इतकं लागलं, की स्वतःसाठी बोलायची इच्छाच राहिली नाही."

आत्याने तिचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. जन्मभर दावे तपासले, पण इतका खरा दावा तिच्या टेबलावर कधी आला नव्हता.

भाऊ दाराशी येऊन उभा होता. कधी आला, किती ऐकलं, कोण जाणे. त्याने नाक ओढलं आणि विचारलं, की बहुधा मोतीबिंदूच असेल ना हा? काढता येतो म्हणतात. कुठल्या डॉक्टरकडे जावं?

सूनबाईने डोळे पुसले आणि खुर्ची त्याच्यासाठी मागे ओढली. सवयीने तिचं बोट काळ्या खिडकीकडे गेलं आणि थांबलं.

"बाबा, साध्याच खिडकीत बघू," ती म्हणाली. "उरलं तर उरू दे."

भाऊ खुर्चीत बसला. तिने हात पुढे करून पडद्याचा उजेड होता तेवढा सगळा वाढवला आणि स्वतः डोळे किलकिले करून त्याच्या मागे उभी राहिली.